क्लच पकडतो ती जागा

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला माझ्या हातून गाडी बंद पडली. तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय, बेंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये रोज शेकड्यानं गाड्या बंद पडतात. पडोत बापड्या. माझ्या हातून पडत नाही. सिग्नल हिरवा झाला, मी पहिला गिअर टाकला, डावा पाय नेहमीसारखा उचलत आणला आणि ती निळी गाडी एक आचका देऊन जागच्या जागी गप्प झाली. नवशिक्याची होते तशी. मागं हॉर्नचा गलका उठला. शेजारच्या ऑटोवाल्यानं मान बाहेर काढून आधी चाचणीच्या गाडीचं रूप लपवायला चिकटवतात त्या काळ्यापांढऱ्या नक्षीकडं पाहिलं, मग माझ्या पिकल्या केसांकडं, आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, स्वल्प निधानवागी सार. जरा सावकाश, साहेब. त्यानं शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्याच्या त्या समजूतदारपणानं माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की गाडी पुन्हा सुरू करून मी पुढच्या सिग्नलपर्यंत स्वतःशीच बडबडत राहिलो. मेलेला क्लच आहे हा. पकडतो कुठं याचा पायाला पत्ताच लागत नाही. असं मी मोठ्यानं म्हणत होतो आणि आत कुठंतरी, फासळ्यांच्या खाली, बारीक थंड असं काहीतरी सरकून गेलं. त्याच्याकडं मी लक्ष दिलं नाही.

मी त्रिविक्रम, मूळचा निपाणीचा, आणि मी डाव्या पायाचं खातो. थट्टा नाही करत. हेब्बाळच्या पुढं आमच्या मोटार कंपनीचं चाचणी केंद्र आहे, तिथं माझं काम एकच, क्लच पायाला आणि गिअर हाताला कसा लागतो ते सांगायचं. पेडल दाबायला किती जोर लागतो हे यंत्र सांगतं. पण तो जोर हवाहवासा आहे की नकोसा, हे यंत्राच्या बापाला सांगता येत नाही. ते मी सांगतो. त्यासाठी डाव्या पायातला बूट-मोजा काढून बसतो, उजवा पाय मात्र बुटात, आणि त्या अर्धवट अवतारात मी आवारात हिंडलो की ऑफिसातली पोरं गालात हसतात. हसू देत. देशोदेशीच्या स्पोर्ट्स सेडान या उघड्या तळव्याखालून गेल्या आहेत. जपानी गाडीचा क्लच हलका, बोलका, आणि गिअर असा की मनगटानं नुसतं मनात आणावं आणि तो पडावा. जर्मन गाडीचं घराणंच वेगळं. क्लच वजनदार, शिस्तीचा, आणि गिअर पडतो तो जाड सागवानी कपाटाचं दार मिटावं तसा, एकदाच आणि पक्का. लोक विचारतात, यातली चांगली कुठली? मी म्हणतो, तुम्हाला चहा गोड लागतो की कडक, तेवढाच हा प्रश्न आहे. मला दोन्ही लागतात. पण दोन्हींत एक गोष्ट असावीच लागते, ती म्हणजे क्लच पकडतो ती जागा. पाय वर येत असतो, इंजिन आपल्या नादात फिरत असतं, चाकं ढिम्म उभी असतात, आणि केसाएवढ्या जागेत ती दोघं भेटतात. तळव्याला त्या वेळी एक बारीक कंप येतो. त्या कंपाचं मला वेड आहे, आजही आहे. माणसानं बनवलेल्या वस्तूंत इतकी सभ्य वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. ती ढकलत नाही, ओढत नाही, नुसती सांगते की आता हो.

त्या दिवसांत आमच्याकडं दोन गाड्या समोरासमोर होत्या. एक पांढरी, आमचीच जुनी सेडान, जिचा क्लच वर्षांपूर्वी मी स्वतः घासूनपुसून बसवला होता आणि ज्याबद्दल अजूनही अनोळखी माणसं मला हात जोडतात. दुसरी ही निळी, अजून बाजारात न आलेली. तिचा क्लच दिव्यश्रीनं जमवला होता. दिव्यश्री भालकीची, घरी मराठी, बाहेर कन्नड, कामाला वाघीण, आणि या पोरीला क्लचमधलं जे काही कळतं ते मी शिकवलेलं. आता खरी गोम अशी की वरच्या लोकांना हातानं टाकायचा गिअरच नको झाला होता. शहरात कोण क्लच दाबत बसतो, सगळ्यांना ऑटोमॅटिक हवी, असं आमचे विभागप्रमुख संतोषकुमार उठता बसता सांगत. निळीचा क्लच मी पसंत केला तर ती गिअरसकट येणार होती. मी नापसंत केला तर नुसती ऑटोमॅटिक, आणि तिच्यानंतर आमच्या कंपनीत क्लचची सेडान पुन्हा कुणी बनवणार नव्हतं. सगळं माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि बेळ्ळंदूरहून परत आल्यावर त्याच दुपारी, अजून तो ऑटोवाला डोक्यात असतानाच, मी बैठकीत सांगून टाकलं की निळीच्या क्लचमध्ये जीव नाही. संतोषकुमारांचा चेहरा खुलला. दिव्यश्रीनं फक्त माझ्या पायाकडं पाहिलं, त्या उघड्या डाव्या पायाकडं, आणि मला उगाचच तो खुर्चीखाली ओढून घ्यावासा वाटला. आठवडाभरानं अंतिम निर्णय, असं ठरलं.

मी पोटात जळतो की काय, हाही विचार मी करून पाहिला. खोटं कशाला बोलू. शिकवलेल्या पोरीनं आपल्याहून सरस काही केलं तर माणसाला आनंद होतो, पण आनंदाच्या मागं एक कुसळही असतं. गाडीत बसून मी ते कुसळ शोधत राहिलो आणि मला ते सापडेना, मला सापडत होता येसाजीमामा. निपाणीत तंबाखूच्या वखारीचा ट्रक चालवायचा तो. घामट, दांडगा, तपकिरीचा वास मारणारा माणूस, पण ट्रक असा हलवायचा की मागं बसलेल्या हमालाची विडी हलू नये. लहानपणी मी त्याच्या मांडीवर बसायचो आणि माझा डावा पाय तो आपल्या पावलावर ठेवून घ्यायचा. त्याचं पाऊल पेडलवर, माझं त्याच्या पावलावर. बघ आता, बघ, म्हणायचा, आणि त्याच्या पायाच्या शिरांतून तो कंप वर माझ्यापर्यंत यायचा. मला वाटायचं तो कंप मामाचाच आहे, मामाच्या अंगात आहे. तो गाडीचा असतो हे कळलं तेव्हा जरासा हिरमुसलो होतो. हे आठवलं आणि मी सहज डाव्या पायाचा अंगठा दाबून पाहिला. मऊ होता. पण तो माझा आहे हे मला हाताच्या बोटांनी कळत होतं, अंगठ्याला काही कळत नव्हतं. थकलो असेन, म्हटलं. साखरेच्या गोळ्या चुकल्या असतील. कारणं काय, पैशाला पासरी मिळतात.

रविवारी सकाळी मी कोथिंबीर घेऊन वर आलो तर वीणा, म्हणजे माझी बायको, दारातच कमरेवर हात ठेवून उभी. वीणाचं माहेर इथलंच, तिच्या आधीच्या कितीतरी पिढ्या बेंगळूरच्या, त्यामुळं तिची मराठी चालता चालता कन्नडच्या गल्लीत शिरते. तिनं विचारलं, एक चप्पल कुठं टाकलीत? मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय उघडा. लिफ्टपाशी कुठंतरी ती गळून पडली होती आणि फरशीवरून, पायपुसण्यावरून, उंबऱ्यावरून मी तसाच आत आलो होतो. मी हसण्यावारी नेलं. ऑफिसची सवय, दुसरं काय. ती हसली नाही. तिनं मला बाल्कनीत उन्हात बसवलं, पाय स्टुलावर घेतला, खराट्याची एक काडी मोडून आणली आणि डोळे मिटायला सांगितलं. कुठल्या बोटाला लागते ते सांगा. मला हा पोरखेळ वाटला. ज्या पायाला केसाएवढी जागा कळते त्याची परीक्षा खराट्याच्या काडीनं! मी डोळे मिटले. खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. अंगठा, मी म्हटलं. ती गप्प. करंगळी. ती गप्प. मग मला मधल्या बोटावर स्पष्ट, अगदी स्पष्ट टोचलं, आणि मी जरा दिमाखातच म्हटलं, मधलं.

"मी अजून काडी लावलीच नाही हो," वीणा म्हणाली.

मी डोळे उघडले. काडी तिच्या हातात होती, हात तिच्या मांडीवर. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं आणि ते मला दिसू नये म्हणून ती पायाकडं बघत होती. डॉक्टर, साखर, नसा, हे सगळं ती पुढं बोलत होती आणि मी सरी सरी, बरं बरं, म्हणत होतो, पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मग मला टोचलं ते काय होतं? कारण टोचलं होतं. शप्पथ, टोचलं होतं.

पण माणूस काही सहजी हार मानत नाही, निदान मी मानत नाही. सोमवारी सकाळी मी पांढरी गाडी घेतली आणि व्हाइटफील्डच्या दिशेनं निघालो. डोक्यात हिशेब सरळ होता. पाय बिघडला असेल तर पांढरीचा क्लचही कळणार नाही, आणि तो कळला तर पाय ठीक आहे, मग दोष निळीचाच. मेट्रोच्या खांबांच्या सावलीत गाड्यांची रांग मुंगीसारखी सरकत होती, ऑफिसच्या कॅबमध्ये पोरं तोंड उघडी टाकून झोपली होती. मी पेडल दाबलं. आणि काय सांगू, सगळं होतं. आधीचा तो लांब, हलका प्रवास, मग मटारची शेंग फुटताना बोटाला लागतो तेवढाच अटकाव, मग पुढचं सैल उतरणं. सोडताना तीच जागा, तोच कंप, माझा कंप, मी घडवलेला. माझा जीव भांड्यात पडला. गर्दीत अडकलेला मी एकटा माणूस असेन जो त्या गर्दीवर खूश होता, कारण दर दोन हातांवर क्लच सोडायला मिळत होता. वाटेत मी वीणाला फोन करून सांगितलं की काळजीचं कारण नाही, पाय शाबूत आहे. ती बरं म्हणाली, पण तिच्या बरं मध्ये काही दम नव्हता.

दुपारी मी दिव्यश्रीला कॅन्टीनबाहेर गाठलं. तिला दुखवायचं नव्हतं, पण सांगणं भाग होतं. मी म्हटलं, पांढरी आज पुन्हा चालवून आलो. तसा अटकाव, तसं उतरणं निळीत आण, मग बोलू. मी पांढरीचं गुणगान करत राहिलो आणि ती हातातला कॉफीचा ग्लास नुसता फिरवत राहिली. आता आमच्याकडं एक पद्धत आहे, आणि ती मीच पाडलेली आहे. नवा माणूस पायानं पारखतो की गाडीच्या नावानं, हे बघायला मी त्याला न सांगता गाडीतला एखादा भाग बदलून ठेवायचा, त्याला चालवायला द्यायची आणि मग विचारायचं, काय वाटलं. बदललंय हे ज्याला कळलं नाही त्यानं त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना कॉफी पाजायची. दिव्यश्रीनं कधी पाजली नाही. तिनं ग्लास कठड्यावर ठेवला.

"सर, पांढरीत गेल्या आठवड्यापासून निळीची स्प्रिंग आहे," ती म्हणाली. "पेडलच्या मागची. मीच बसवून घेतली. तुम्ही ओळखाल आणि हसाल असं वाटलं होतं."

मला पहिल्यांदा रागच आला. मग मी तिच्याकडं पाहिलं तर तिनंच माझं काहीतरी फोडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. ती भराभर बोलू लागली. पकडायची जागा दोन्ही गाड्यांत वेगळी आहे, पांढरीतली तुमच्या पायाला पाठ आहे म्हणून गाडी निघते, निळीतली पाठ नाही म्हणून बंद पडते. पण पेडलचं वजन, तो अटकाव, ते उतरणं, ते सगळं स्प्रिंगचं असतं सर, आणि ते पांढरीत आता नाहीच. मीच तिला शिकवलेलं ती मला सांगत होती आणि एक अक्षर चुकत नव्हती. मी मान हलवली आणि जाऊन पांढरीत बसलो.

दारं लावून, इंजिन बंद ठेवून मी कितीतरी वेळ पेडल दाबत, सोडत बसलो. आणि लबाडी बघा, आता माहीत असूनही शेंग फुटत होती. डोळे उघडे ठेवून, सगळं ठाऊक असूनसुद्धा, तळव्याला तो जुना अटकाव लागत होता, जो त्या गाडीत राहिलाच नव्हता. पांढरीचा क्लच मला कळत नव्हता, तो मला आठवत होता. किती दिवस? कोण जाणे. आणखी किती गाड्या मी अशा आठवणीनं पास केल्या, नापास केल्या? घाबरलो मी. आपल्याच घरात दिवे लागलेले दिसावेत आणि आत कुणी राहत नसावं, तसं वाटलं. पण त्या भीतीतही एक कौतुक वर येत होतं, ते लपवत नाही. पाय बिचारा मुका झाला तरी त्यानं मला कळू दिलं नाही. आतून कुणीतरी इतकी वर्षं जपून ठेवलेला कंप काढून मला देत होतं, तोही हुबेहूब, एक कण कमी नाही. आणि दिव्यश्री. त्या पोरीच्या कामाला मी भर बैठकीत मढं म्हणालो आणि तिनं तोंडातून ब्र काढला नाही, फक्त माझी परीक्षा माझ्याच पद्धतीनं घेतली आणि मी हसून ओळखावं म्हणून वाट बघत बसली. एवढं माझ्यानं झालं नसतं.

गप्प बसता आलं असतं. निळी नापास, कंपनी ऑटोमॅटिक करणार, मग क्लच पारखणाऱ्याची गरजच संपणार, आणि माझा पाय गेला हे कुणालाही कळल्याशिवाय मी मानानं घरी बसणार. शाल, नारळ, भाषण. किती सोयीचं होतं! वीणाला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, तुमचा पाय गेला म्हणून सगळ्यांचे पाय काढून घेणार का? एवढंच म्हणाली आणि मला देठं टाकायला पाठवलं.

निर्णयाच्या बैठकीत संतोषकुमारांनी मला नुसतं हो म्हणायला बोलावलं होतं. दिव्यश्री भिंतीपाशी बसली होती. उभ्या आयुष्यात मी या खोलीत गाड्यांबद्दल बोललो होतो, माझ्याबद्दल कधीच नाही.

"निळीत दोष नाही," मी म्हटलं. "माझ्या डाव्या पायाची संवेदना गेली आहे. मी सांगितलेलं काही धरू नका."

संतोषकुमारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस वाईट नाही तो. त्यांनी हळू आवाजात विचारलं की मग हा क्लच चांगला आहे हे आता कुणाच्या पायानं ठरवायचं? दिव्यश्रीचा पाय चालणार नाही, काम तिचंच. मी म्हटलं, कुणाच्याच पायानं नको. तुम्ही गाडीत बसा, मागं. ते म्हणाले, मला क्लचमधलं काय कळतं? मी म्हटलं, म्हणूनच.

आम्ही तिघं निळीत बसलो. दिव्यश्री चालवायला, मी तिच्या डाव्या बाजूला, दोन्ही पायांत बूट घालून, संतोषकुमार मागं. फाटकातून बाहेर पडून उड्डाणपुलाच्या चढाला लागलो आणि जे व्हायचं तेच झालं, सगळं जाम. पुढं पाण्याचा टँकर गळत उभा, मागं बस इतकी जवळ की आरशात तिचे दिवेच दिसत होते. ऐन चढावर गाडी अडकलेली. जरा मागं घसरली तर बसवर, जरा जोरात सुटली तर टँकरवर, आणि मध्ये गचका बसला तर निकाल तिथंच लागला. संतोषकुमारांना कुणाचा तरी फोन आला आणि ते कन्नडमधून तावातावानं बोलू लागले. मी दिव्यश्रीच्या पायाकडं पाहिलं. तिनं डावा बूट काढून ठेवला होता. सावळं, बारीक पाऊल पेडलवर टेकलेलं, घोट्याजवळ एक शीर ताठ झालेली. तिला काही सांगावं असं मनात आलं, सावकाश, किंवा धीर धर, पण तिला सांगण्यासारखं माझ्याकडं काही उरलं नव्हतं, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. मी समोर टँकरच्या गळत्या नळाकडं बघत बसलो. पाण्याची धार रस्त्यावरून खाली, आमच्याकडं येत होती.

मागचा आवाज थांबला. संतोषकुमारांनी फोन खाली घेतला, खिडकीबाहेर बघितलं, आणि गोंधळून विचारलं, "अहो, आपण निघालो कधी?"

टँकर केव्हाच डावीकडच्या फाट्यानं उतरून गेला होता. आम्ही पुलाच्या माथ्यावर होतो, खाली हेब्बाळचं तळं पसरलं होतं. दिव्यश्रीनं दुसरा गिअर टाकला, तोही मला फक्त तिच्या मनगटामुळं दिसला. थोड्या वेळानं संतोषकुमार मागून म्हणाले, राहू द्या गिअर, वरती मी बघतो. दिव्यश्री रस्त्यावरची नजर न हलवता रडू लागली आणि गाडी तशीच, जराही न थरथरता, चालत राहिली. आम्ही निघालो कधी, हे मलाही कळलं नव्हतं, आणि यात माझ्या पायाचा काही दोष नव्हता.